माजघरातून उपाहारगृहात : मालिकेचे नवे पर्व आणि प्रेक्षकाची नाराजी

१

वाचकाला वा प्रेक्षकाला एखादी कलाकृती आवडली, तर आपली समीक्षा त्याला रसिक म्हणते. आवडली नाही, तर मात्र त्याच्या अभिरुचीची चौकशी सुरू होते. दूरचित्रवाणी मालिकेच्या बाबतीत ही चौकशीही होत नाही. मालिकेचा प्रेक्षक सवयीचा बांधील आहे, त्याला ओळखीचे तेच ते हवे असते, असे गृहीत धरून त्याची नाराजी समाजशास्त्राकडे किंवा जाहिरातशास्त्राकडे सोपवली जाते. प्रस्तुत लेखात अशाच एका नाराजीचा विचार करावयाचा आहे. ती नाराजी हा एक आस्वादमूलक निर्णय होता आणि तो पुष्कळसा अचूक होता, असे माझे प्रतिपादन आहे.

‘दिल दोस्ती दुनियादारी’ ही मालिका झी मराठी वाहिनीवर मार्च २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या काळात प्रसारित झाली. मुंबईतील एका सदनिकेत एकत्र राहणारे सहा तरुण-तरुणी हा तिचा विषय. नवऱ्याने सोडून दिल्यामुळे एकटी पडलेली रेश्मा, जबाबदारीचे ओझे वाहणारा सुजय, संगीताच्या मागे लागलेला कैवल्य, अभिनेत्री होऊ पाहणारी मीनल, खाण्यावर मनापासून प्रेम करणारा आशू आणि अ‍ॅना ही तिची पात्रे. विनोद आणि हळवेपणा यांचे प्रमाण तिने सांभाळले होते; सासू-सुनांच्या संघर्षाला तिच्यात जागा नव्हती. ती संपणार असे कळल्यावर प्रेक्षकांनी ती थांबवू नये म्हणून गळ घातली. वर्षभराने, फेब्रुवारी २०१७ मध्ये, तेच सहा नट घेऊन ‘दिल दोस्ती दोबारा’ ही मालिका आली. नट तेच, वाहिनी तीच. पात्रे मात्र नवी. ‘माजघर’ हे घर जाऊन ‘खयाली पुलाव’ हे उपाहारगृह आले. या पर्वाला पहिल्यासारखे प्रेम मिळाले नाही आणि ते त्याच वर्षी आटोपले.

त्या वर्षी, तेव्हाच्या औरंगाबादेत, मी एम.ए.च्या वर्गाला भारतीय साहित्यशास्त्र शिकवीत होतो. साधारणीकरणाचा तास चालू असताना जालना जिल्ह्यातून आलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ही सगळी माणसं तीच आहेत; मग मला ती परकी का वाटतात?” मी सांगितले, की हा सवयीचा भाग आहे, काही दिवसांनी वाटेल बरे. तिला ते उत्तर पटले नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होते. त्याच वर्गातील एका विद्यार्थ्याने पहिली मालिका पाहिलेली नव्हती. त्याला दुसरीत काहीच खटकत नव्हते. या दोन प्रतिक्रिया समोरासमोर ठेवल्या असत्या, तर माझे उत्तर किती वरवरचे होते हे तेव्हाच लक्षात आले असते.

२

‘तेच नट नव्या भूमिकांत’ ही गोष्ट मराठी प्रेक्षकाला मुळीच नवी नाही. बालगंधर्वांना ‘मानापमान’मध्ये भामिनी, ‘स्वयंवर’मध्ये रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’मध्ये सिंधू म्हणून ज्यांनी पाहिले, ते एकाच पिढीचे प्रेक्षक होते. रुक्मिणीच्या जागी भामिनी दिसते, अशी तक्रार त्यांनी केल्याचे आपल्या नाट्येतिहासात आढळत नाही. दिलीप प्रभावळकर १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात दूरदर्शनवर चिमणराव झाले आणि २००१ साली सुरू झालेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मध्ये आबा झाले. दोन्ही भूमिका लोकांनी स्वीकारल्या.

याच्या उलट बाजूचा दाखलाही आपल्याकडे आहे. चिं. वि. जोशींचा चिमणराव १९४०च्या ‘लग्न पहावं करून’ या चित्रपटात दामुअण्णा मालवणकरांनी उभा केला आणि तोच पुढे प्रभावळकरांनी केला. नट बदलले तरी पात्र टिकले. चालू मालिकेत एखाद्या पात्रासाठी नवा नट आणला जातो तेव्हाही प्रेक्षक थोडा कुरकुरतो आणि पुढे जुळवून घेतो. म्हणजे नट बदलणे किंवा भूमिका बदलणे, यांपैकी कोणतीही गोष्ट स्वतःहून रसभंग करीत नाही.

आपल्या विषयाशी अधिक निगडित असा पुरावा या दोन पर्वांच्या मधल्या काळातला आहे. मनस्विनी लता रवींद्र यांनी लिहिलेले आणि निपुण धर्माधिकारी यांनी दिग्दर्शित केलेले ‘अमर फोटो स्टुडिओ’ हे नाटक २०१६ मध्ये रंगभूमीवर आले. पहिल्या मालिकेतील अमेय वाघ, सुव्रत जोशी, सखी गोखले आणि पूजा ठोंबरे ही मंडळी त्यात निराळ्या भूमिकांत होती. मालिकेवर प्रेम करणारा तरुण प्रेक्षक तिकीट काढून नाटकाला गेला आणि रमला. जो प्रेक्षक नाट्यगृहात हा बदल सहज पचवतो, त्यालाच घरी बसून तो का पचत नाही? सवय हे याचे उत्तर असू शकत नाही, कारण सवय दोन्हीकडे सारखीच होती.

३

अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील दुसरे विघ्न येथे उपयोगी पडते. समोर दिसणारे सुखदुःख अमक्याचे, अमक्या स्थळाचे आणि अमक्या काळाचे, अशा विशेषांत प्रेक्षकाची जाणीव अडकून पडली, तर साधारणीकरण घडत नाही. यावर उपाय म्हणून पूर्वरंग, प्रस्तावना, मुकुट, वेशभूषा इत्यादी नाट्यधर्मी साधने नटाचे नटपण झाकतात. प्रस्तावनेत नट दिसतो. मग तो झाकला जातो आणि पात्र उरते.

ही मांडणी रंगभूमीवर बेतलेली आहे. तेथे झाकावयाचे असते ते नटाचे रूप, कारण प्रेक्षकाला आधी माहीत असतो तो नट. बालगंधर्वांचा प्रेक्षक बालगंधर्वांना पाहायला जात असे. त्या नावाच्या चौकटीत भामिनीही मावत असे आणि सिंधूही. रोज रात्री घरात येणाऱ्या मालिकेत हा क्रम उलटतो. जवळपास वर्षभर प्रेक्षक कैवल्यला ओळखतो, अमेय वाघ हे नाव त्याला मागाहून कळते. त्याच्या दिवाळीत या पात्रांची दिवाळी येते, त्याच्या परीक्षेच्या दिवसांत त्यांचे रुसवेफुगवे चालू असतात. येथे पात्र नटाला झाकून टाकते. नवे पर्व सुरू होते तेव्हा नव्या पात्रासमोर अडथळा असतो तो जुन्या पात्राचा, आणि ते झाकण्याचे कोणतेही साधन मालिकेपाशी नसते. नाट्यगृहात तिकीट, घंटा, पडदा आणि अंधार ही सगळी आजची प्रस्तावनाच असते; ती कैवल्यला बाहेर थांबवते. घरातल्या पडद्यावर तसा उंबरठा नाही. प्रभावळकरांच्या बाबतीत हे काम वीसहून अधिक वर्षांच्या अंतराने आणि म्हाताऱ्याच्या रंगभूषेने केले होते. येथे अंतर एका वर्षाचे होते.

माझ्या विद्यार्थिनीला जाणवलेले परकेपण हे असे आहे. समोर पूर्ण जुना माणूस नाही आणि पूर्ण नवाही नाही. पहिली मालिका न पाहिलेल्या विद्यार्थ्यापुढे झाकण्याजोगे काही नव्हतेच. म्हणून त्याला काही खटकले नाही.

४

पण केवळ चेहऱ्यांची गोष्ट असती, तर काही आठवड्यांत ती निवळली असती. नाराजीचे दुसरे आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचे कारण दोन्ही पर्वांच्या स्थळांत आहे.

मराठी घराच्या रचनेत ओटी-ओसरी परक्यासाठी, तर माजघर आतल्या माणसांसाठी असे. पाहुणा ओसरीवर बसे, व्यवहार तिथे होत. माजघरात बायकांचे बोलणे, आजारपणे, बाळंतपणे, रडणे. रक्ताचे नाते नसलेल्या सहा जणांच्या भाड्याच्या बिऱ्हाडाला ‘माजघर’ म्हणणे हा पहिल्या मालिकेतील सर्वांत अर्थपूर्ण निर्णय होता. परक्यांनी एकमेकांना घराच्या सर्वांत आतल्या खोलीत जागा दिली, आणि त्यांच्याबरोबर प्रेक्षकालाही. मराठवाड्यातून शिक्षणासाठी, स्पर्धा परीक्षेसाठी वा नोकरीसाठी संभाजीनगरला, पुण्याला, मुंबईला गेलेला मुलगा कॉट बेसिसवर राहतो. त्याच्यापाशी एक खाट असते, एक ट्रंक असते, माजघर नसते. त्याला या मालिकेने जे दिले, त्याला केवळ करमणूक म्हणता येणार नाही.

उपाहारगृह ही मुळात ओसरीच आहे. तिथे येणारा गिऱ्हाईक असतो. त्याचे स्वागत होते, पण त्याला मुदपाकखान्यात जाता येत नाही. दुसऱ्या पर्वात सहा जणांची मैत्री असेलही तितकीच उत्कट. परंतु प्रेक्षकाची जागा बदलली. काल तो घरातला होता, आज मेजावर बसला. ‘पूर्वीसारखी मजा नाही’ या सैल वाक्यात प्रेक्षक हेच सांगत असावा. त्याच्याजवळ परिभाषा नव्हती. जाणीव मात्र नेमकी होती.

विनोदाचेही असेच. अशा हळव्या विनोदी मालिकेत हसू प्रसंगातून जितके येते तितकेच पूर्वपरिचयातून येते. पात्र काय करणार हे प्रेक्षकाला आधी कळते आणि तो वाक्याच्या आधीच हसतो. करुणही याच ठेव्यातून उभा राहतो. खादाड माणसाने ताट बाजूला सारले की घरात काही बिघडले आहे हे सांगावे लागत नाही. पण त्यासाठी त्याने आधी शंभर वेळा ताट रिकामे केलेले असावे लागते. नव्या पर्वाने तेच नट आणले आणि हा ठेवा मात्र मोडीत काढला. पहिल्याच आठवड्यापासून जुन्या जवळिकीची अपेक्षा मात्र धरली.

५

यावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. हान्स रॉबर्ट याउस यांच्या मते कलाकृती वाचकाच्या अपेक्षांच्या क्षितिजाला छेद देते तेव्हा तिचे मूल्य वाढते. अपेक्षा पुरवणारी कृती केवळ उपभोग्य ठरते. या निकषाने तीच पात्रे पुन्हा न आणणाऱ्या निर्मात्यांचे धाडस मोलाचे आणि प्रेक्षकाची नाराजी मागासलेली ठरेल. हा आक्षेप हलका नाही. संपलेली गोष्ट ओढत नेली असती, तर ती शिळी झाली असती, हेही मान्य करायला हवे.

परंतु कोणत्या पातळीवरची अपेक्षा मोडली, हा प्रश्न याउसनंतर विचारणे भाग आहे. सहा तरुण, एक जागा, थट्टामस्करी, मध्येच एक गहिवर, हा आकृतिबंध दुसऱ्या पर्वात कायम राहिला. म्हणजे आकृतिबंधाच्या क्षितिजाला धक्का लागलाच नाही. मोडला तो शीर्षकाने दिलेला शब्द. ‘दोबारा’ म्हणजे पुन्हा. आणि पुन्हा भेटायला आलेल्याला नवीन माणसांची ओळख करून देण्यात आली. निर्मात्यांनी वेगळे नाव घेतले असते, किंवा याच नावाखाली रचनाच बदलली असती, तर प्रेक्षकाने कदाचित वेगळा कौल दिला असता. ‘तेही नाही आणि नवेही नाही’ ही त्याची तक्रार म्हणून मला समीक्षेचे विधान वाटते.

अर्थात सगळीच नाराजी या योग्यतेची नव्हती. अभिनवगुप्ताचे तिसरे विघ्न म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात विवश होणे. वसतिगृहातले आपले दिवस संपले म्हणून मालिका संपल्याचे दुःख करणारा प्रेक्षक या विघ्नात सापडतो. त्याला कोणतेच नवे पर्व पुरे पडणार नाही. ही विव्हळ नाराजी आणि वर विवेचिलेली डोळस नाराजी यांत भेद करणे हेच समीक्षेचे काम आहे. दोन्हींना एकाच पिशवीत टाकून ‘सवय’ अशी चिठ्ठी लावली, की ते काम टळते.

आपण साहित्यशास्त्र शिकवतो ते बहुधा संस्कृत उदाहरणांवर, नाहीतर गतकाळच्या नाटकांवर. विद्यार्थी टिपणे उतरवून घेतो, परीक्षेत सात विघ्ने ओळीने लिहितो आणि रात्री मालिका पाहताना त्याला तीच विघ्ने अनुभवाला येतात. पण या दोन गोष्टींचा संबंध आपण त्याला दाखवून देत नाही. त्या मुलीने तो संबंध स्वतःच जोडला होता, तोही साधारणीकरणाच्या तासाला. मी तिला शास्त्र शिकवत होतो आणि तिने शास्त्राचाच प्रश्न विचारला, हे माझ्या लक्षात आले नाही. आज ती स्वतः एका महाविद्यालयात मराठी शिकवते असे कळते. तिच्या वर्गात असा प्रश्न आला, तर ती ‘सवय’ या शब्दावर तो मिटवणार नाही, एवढी आशा आहे.