बारा शब्द जे सांगत नाहीत

रिसर्चला लागण्याआधी एखादं स्टँडर्ड मुळातून वाचाच. माझी शिफारस बिप-३९. २०१३चं, चार लेखकांचं, आटोपशीर. क्रिप्टो वॉलेट सुरू करताना जे बारा शब्द कागदावर लिहून ठेवायला सांगतात, ते इथूनच आले.

हिशेब सुबक आहे. १२८ यादृच्छिक बिट, त्यांच्या हॅशमधले पहिले ४ बिट चेकसम म्हणून, एकूण १३२. त्यांचे ११-११ बिटांचे बारा तुकडे, प्रत्येकाला २०४८ शब्दांच्या यादीतला एक शब्द. (याद्या इंग्रजी, जपानी, अगदी चेकसुद्धा. भारतीय भाषा एकही नाही.)

पण ४ बिटांत किती चुका पकडणार? एका शब्दाऐवजी यादीतलाच दुसरा लिहिला गेला, तर साधारण सोळात एकदा चूक निसटते. पासफ्रेजला तर तपासणीच नाही. एक अक्षर चुकलं तरी वॉलेट उघडतं, फक्त दुसरंच, रिकामं. जबरदस्तीने कुणी मागितली तर खोटी देता येते, हा लेखकांचा युक्तिवाद मला पटतो. पण वडिलांच्या कपाटात तो कागद सापडलेल्या मुलीचं काय?

माझा खरा आक्षेप पुढेच आहे. या शब्दांत आवृत्ती क्रमांक नाही. पत्ते बिप-४४च्या मार्गाने काढलेत की ४९च्या, की ८४च्या, हे त्यातून कळत नाही. म्हणून तेच शब्द दुसऱ्या अ‍ॅपमध्ये टाकले की शिल्लक शून्य दिसू शकते. पैसे असतात जागेवरच, पण हे मालकाला सांगणार कोण?

इलेक्ट्रमने बिप-३९ न स्वीकारण्याचं एक कारण हेच दिलंय. त्यांच्या शब्दांचा हॅश काढला की सुरुवातीलाच आवृत्ती कळते.