‘स्मृतिचित्रे’ : बाप्तिस्म्याच्या अलीकडे आणि पलीकडे

लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचे चार भाग १९३४ ते १९३७ या काळात प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठी समीक्षेने या ग्रंथाचा गौरव प्रायः तीन गुणांसाठी केला आहे : भाषेचा घरगुती साधेपणा, स्वतःकडेही हसून पाहणारी विनोदबुद्धी, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या लहरी पण थोर व्यक्तित्वाचे जिवंत चित्रण. हे तिन्ही गुण ग्रंथात आहेत, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु या गौरवात एक साधी गोष्ट मागे पडते : ‘स्मृतिचित्रे’ हा एका ख्रिस्ती स्त्रीने लिहिलेला, ख्रिस्ती जीवनाविषयीचा ग्रंथ आहे. वाङ्मयीन समीक्षेत धर्मांतर हा संसारावर कोसळलेला एक आघात ठरतो, आणि त्यातून लेखिका ज्या धीराने व विनोदाने सावरली त्याचे कौतुक होते. धार्मिक वाचक याच्या उलट टोकाला जातो. त्याला पश्चात्ताप, प्रकाश आणि शांती या क्रमाने सांगितलेली साक्ष हवी असते, व ती न मिळाल्यामुळे तो हा ग्रंथ मनोरंजक पण धर्मदृष्ट्या उथळ मानतो. दोघांचेही गृहीत एकच आहे. धर्मजीवन म्हणजे धर्मांतराचा क्षण, असे दोघेही धरून चालतात.

हे गृहीत मुळातूनच तपासले पाहिजे. नव्या करारातील पत्रलेखकांपुढे जो प्रश्न वारंवार उभा राहतो तो विश्वास ठेवण्याचा नव्हे, ठेवलेल्या विश्वासात वाढण्याचा. करिंथ येथील मंडळीला पौल दूध पिणाऱ्या बालकांची उपमा देतो. हे लोक बाप्तिस्मा घेतलेले आहेत, पण जड अन्न पचविण्याइतके वाढलेले नाहीत. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अज्ञात कर्त्याने हीच उपमा घेऊन तिला एक महत्त्वाची पुस्ती जोडली आहे. बरेवाईट ओळखण्याची शक्ती ज्यांच्या ठिकाणी सरावाने तयार झाली, तेच त्याच्या मते प्रौढ. मूळ ग्रीक शब्द ‘तेलेयोस’. त्याचा अर्थ निर्दोष असा नसून, ज्याची वाढ आपल्या शेवटास पोचली आहे तो, असा आहे. (आपल्या ‘पक्व’ या शब्दात पिकलेले फळ आणि चुलीवर शिजलेले अन्न असे दोन्ही अर्थ नांदतात. ज्या ग्रंथातील निर्णायक घडामोडी चूल आणि पाणी यांच्याभोवती घडतात, त्याचा विचार करताना हा योगायोग विसरता येत नाही.)

वाढीचा हा विचार मराठी ख्रिस्ती गद्यात पूर्वी अगदीच नव्हता असे नाही. मात्र त्याला कथनाचे रूप मिळाले नव्हते. बाबा पदमनजी यांनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या आत्मचरित्राचे ‘अरुणोदय’ हे नावच सांगते की लेखकाचे लक्ष पहाटेकडे आहे. दिवस पुढे कसा गेला, हा त्याचा मुख्य विषय नव्हे. पंडिता रमाबाईंचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी कबूल केले आहे की, त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळावयास पुढे आठ वर्षे लागली. बाप्तिस्मा आणि परिपक्वता यांमधील अंतर इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी मान्य केले असेल. तरीही रमाबाई त्या अंतराचा शेवट आणखी एका निर्णायक अनुभवात करतात. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात असा दुसरा क्षणही नाही. त्यांच्या जीवनकथेत अंतरच आहे, आणि ते रोजच्या कामांनी भरलेले आहे.

‘स्मृतिचित्रे’चा आरंभ लक्ष्मीबाईंच्या वडिलांपासून होतो. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर या सज्जन गृहस्थाला सोवळ्याने असे पछाडले की घरातील माणसांचे जिणे कठीण झाले. बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक व्यक्ती विटाळाच्या संशयाने पाहिली जाऊ लागली. लेखिकेने हा भाग हसत सांगितला आहे, म्हणून वाचकही हसतो आणि पुढे जातो. पण ग्रंथाच्या रचनेत या प्रकरणाचे स्थान पाहिले पाहिजे. वडिलांचा धर्म हाही रोजच्या व्यवहारातलाच धर्म होता. पाणी भरणे, धुणे, शिजविणे, वाढणे यांपैकी कोणतीही क्रिया त्याच्या कक्षेबाहेर नव्हती, आणि इब्रींस लिहिलेल्या पत्राचा कर्ता ज्या सरावाची अपेक्षा करतो तो सराव त्यांच्याइतका क्वचितच कोणी केला असेल. तरी त्या सरावाने माणूस वाढला नाही, आक्रसत गेला. दैनंदिन जीवन म्हणजे आपोआप साधनाभूमी, असे जे भाविक लेखनात सरसकट मानले जाते, त्याला ग्रंथाच्या पहिल्याच पानांनी मोठा छेद दिला आहे. रोजच्या आचाराने दृष्टी वस्तूंवर खिळते की माणसांकडे वळते, यावर सारे अवलंबून आहे. आणि लेखिकेने पुढील आयुष्यात जे सोडले ते नेमके वडिलांकडून आलेले होते, ही गोष्ट ती कोठेही मोठ्याने सांगत नाही. ग्रंथाची मांडणी मात्र सांगते.

टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या सुमारे पाच वर्षांची कथा सर्वपरिचित आहे : विरह, आजार, नातेवाइकांच्या आश्रयाने काढलेले दिवस, दुःखाला वाट देण्यासाठी रचलेल्या कविता, आणि अखेर लहानग्या दत्तूसह पतीकडे येणे. मात्र हे येणे म्हणजे धर्मांतर नव्हते. पती ख्रिस्ती, पत्नी ब्राह्मण, आणि तिचे सोवळे सांभाळलेले, अशी ही विलक्षण व्यवस्था होती. या व्यवस्थेचे वर्णन करताना लेखिकेने स्वतःवर विनोद केला आहे. पण त्या विनोदाच्या आड एक महत्त्वाची वस्तुस्थिती आहे. टिळकांनी पत्नीवर आपल्या श्रद्धेची सक्ती केली नाही, आणि तिनेही पतिव्रत्याच्या नावाखाली श्रद्धा उसनी घेतली नाही. येथे रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) या ग्रंथाशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही. तेथे पत्नीची वाढ पतीने घालून दिलेल्या वाटेवरून होते, आणि ती वाट बरोबर होती याविषयी तिला शंका नाही. लक्ष्मीबाईंना पतीच्या वाटेविषयी शंका आहे, वाद आहे, राग आहे. त्या तेथे पोचल्या त्या स्वतःच्या पायांनी.

पोचण्याची ही रीतही पाहण्यासारखी आहे. जातिभेदाविषयीचा त्यांचा निर्णय एका तर्कातून होतो. ईश्वराने प्रत्येक प्राण्यात नर आणि मादी असे भेद केलेले दिसतात. माणसांतही तेच दिसतात. मग जात ही ईश्वराची निर्मिती कशी? ती माणसाने केली असली पाहिजे. यात धर्मशास्त्राचा आधार नाही, ख्रिस्ताचे नावही नाही. एका गृहिणीने डोळ्यांसमोरच्या सृष्टीवरून काढलेले हे अनुमान आहे, आणि त्याचा पहिला परिणाम प्रार्थनेत नव्हे तर खाण्यापिण्यात दिसतो. कोणाच्याही हातचे घ्यावयाचे असे ठरले. ख्रिस्तावरील विश्वास आणि बाप्तिस्मा त्यामागून आले. धर्मांतराच्या रूढ कथेत श्रद्धा आधी बदलते व आचार मागून. येथे हा क्रम उलटला आहे. धार्मिक वाचकाला हा दोष वाटतो. परंतु पौलाच्या पत्रांचा संदर्भ लक्षात घेतला तर आश्चर्य वाटू नये. कोणी कोणाबरोबर जेवावे, हा पहिल्या मंडळ्यांतील अत्यंत तीव्र वादाचा विषय होता, आणि अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केला तो याच कारणाने.

बाप्तिस्म्यानंतरचे भाग समीक्षकांनी तुलनेने कमी अभ्यासले आहेत. त्यांत कथानकाचा ताण सैल होतो, ही तक्रार काही अंशी खरीही आहे. माणसे येतात-जातात, परक्यांची मुले घरात वाढतात, बालकवी ठोंबरे यांच्यासारखा कवी कुटुंबाचाच होऊन राहतो, अहमदनगरच्या प्लेगाच्या दिवसांत लक्ष्मीबाई रोग्यांच्या सेवेत उभ्या राहतात. टिळकांची दानशूरता आणि पैशाविषयीची बेफिकिरी यांमुळे घरात चणचण कायमची. या सर्व प्रसंगांना जोडणारे सूत्र कोणते? लेखिका ते देत नाही. पण सलग वाचणाऱ्याला एक पालट जाणवतो. ज्या स्त्रीला पूर्वी दुसऱ्याच्या स्पर्शाची भीती होती, ती आता दुसऱ्याच्या दुखण्यात हात घालताना त्या भीतीचा उल्लेखही करीत नाही. तो उल्लेख गळून पडणे हाच पुरावा. आध्यात्मिक शब्दावली या पानांत जवळजवळ आढळत नाही, आणि टिळकांच्या ‘अभंगांजली’शेजारी हे गद्य ठेवले म्हणजे हा अभाव विशेष डोळ्यांत भरतो. अभंगांत ख्रिस्ताशी एकरूप होण्याची आर्तता आहे. स्मृतिचित्रांत पिठाच्या डब्याची चिंता आहे. १९१७ साली टिळकांनी मिशनच्या वेतनाचा त्याग करून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापण्याचे योजिले. त्या झेपेचे मोल आहेच. मात्र झेप घेणाऱ्याच्या मागे उरलेला संसार कोणी तरी सांभाळावा लागतो, आणि ख्रिस्ती साधुत्वाच्या चरित्रांत या ‘कोणी तरी’ला फार क्वचित शब्द मिळाला आहे. टिळकांच्या निधनानंतर, १९१९ पासून, त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्याचे कामही याच सांभाळणाऱ्या हातांकडे आले.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि तो टाळता येणार नाही. ग्रंथ लिहिला गेला तो उतारवयात. टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून द्याव्या, अशी मुलाची, देवदत्त टिळकांची, विनंती त्यामागे होती. तेव्हा ज्या समंजस, हसऱ्या नजरेने विरहाची ती पाच वर्षे पाहिली गेली आहेत, ती नजर त्या वर्षांतली नव्हे. वाढ ग्रंथात नोंदली गेली आहे, की सांगताना घडविली गेली आहे? निखळ उत्तर देणे अवघड आहे. एवढे म्हणता येईल की लेखिकेने तरुणपणीच्या स्वतःला शहाणी करून दाखविलेले नाही. तिचा हट्ट, रडणे, पतीवरील संताप, ख्रिस्ती माणसांविषयीची घृणा, हे सारे ती झाकत नाही व समर्थितही नाही. जुन्या चुकीकडे अपराधी भावाने न पाहता आणि तिला गोंडसही न करता पाहणे, ही जर निवेदनाची रीत असेल, तर ती रीत हीच त्या वाढीची सर्वांत विश्वसनीय खूण मानावी लागते. साक्षीच्या वाङ्मयात पूर्वायुष्य अंधारे करण्याचा जो मोह असतो, तो येथे नाही.

दुसरी मर्यादा अधिक खुपणारी आहे. अहमदनगर आणि भोवतालच्या गावांतील मंडळी मुख्यतः महार व मांग समाजांतून आलेली होती. लक्ष्मीबाईंनी त्यांच्या हातचे अन्न स्वीकारले, त्यांची सेवा केली, त्यांच्या मुलांना जीव लावला. परंतु ग्रंथात ही माणसे बहुधा सेवेचे विषय म्हणून येतात, लेखिकेला काही शिकविणारी म्हणून फार थोडी येतात. टिळक तिला घडवितात, मिशनरी बाया तिला घडवितात, शेजारचा महार ख्रिस्ती मात्र क्वचितच घडविताना दिसतो. विनोदाचा रोखही अनेकदा वरून खाली असतो. स्पर्शाची भीती गेली, पण पाहण्याची उंची पुरती उतरली नाही. हा दोष दाखविल्याने ग्रंथाची किंमत कमी होत नाही. उलट, दैनंदिन सरावाने माणूस कोठवर येतो आणि कोठे अडतो, हे येथे एकाच पानावर दिसते. नगर जिल्ह्यातील दलित ख्रिस्ती कुटुंबांच्या आठवणी ‘स्मृतिचित्रां’समोर ठेवून वाचण्याचे काम अद्याप पुरेसे झालेले नाही, आणि ते झाल्याखेरीज या ग्रंथातील धर्मजीवनाविषयी अखेरचा अभिप्राय देणे उतावळेपणाचे होईल.

लक्ष्मीबाईंचे निधन २४ फेब्रुवारी १९३६ रोजी झाले. चौथा भाग त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. ग्रंथाचा शेवट त्यामुळे लेखिकेच्या हातून बांधला गेलेला नाही. तो संसाराच्या चालू हकिकतीतच थांबतो.