अंथरुणात राहिलेली सावली

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ‘माय शॅडो’ ही कविता १८८५ साली ‘अ चाइल्ड्स गार्डन ऑफ व्हर्सेस’ या संग्रहात आली. एक लहान मुलगा आपल्या सावलीबद्दल तक्रारी करतो, एवढाच तिचा विषय. पण उजेड आणि सावली यांच्याशी मुलाची ओळख कशी होते, ते या चार कडव्यांत विलक्षण बारकाईने उतरलं आहे.

मुलगा अंथरुणात उडी मारतो, तर सावली त्याच्या पुढेच उडी घेते. म्हणजे दिवा त्याच्या पाठीमागे असणार, पण कवी दिव्याचा उल्लेखही करत नाही. सावली झरकन उंच होते, कधी इतकी लहान होते की दिसेनाशीच व्हावी. उजेडाची जागा बदलली की असंच घडतं. मुलाला जे दिसतं ते सगळं खरं आहे, चुकतं ते फक्त त्याने लावलेलं कारण. त्याच्या लेखी सावली जिवंत आहे, भित्री आहे आणि तिला धड खेळताही येत नाही. आपण दाईला असे चिकटून राहिलो तर लाज वाटेल, असंही तो ऐटीत सांगतो.

मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांना सावलीविषयी प्रश्न विचारले, त्यांचं विवेचन १९२७ च्या त्यांच्या ग्रंथात आहे. पाचेक वर्षांच्या मुलांना सावली ही एक वस्तूच वाटते. उजेड अडल्यामुळे ती पडते, हे साधारण नवव्या वर्षी उमगतं. कवितेतला मुलगा या वाटेवर मध्येच कुठेतरी उभा आहे.

शेवटचं कडवं तर अप्रतिम आहे. मुलगा सूर्योदयापूर्वी बाहेर येतो. फुलांवर दव आहे, सावली मात्र नाही. आळशी अजून झोपली असणार, असं तो ठरवून टाकतो. दव दिसतं आहे, म्हणजे उजेड आहेच. पण तो साऱ्या आभाळातून, सगळीकडून येतो आहे, म्हणून ठळक सावली पडत नाही. खरं कारण मुलाने स्वतःच बोलून दाखवलं आहे, पण तेच कारण आहे हे त्याला ठाऊक नाही. वाचकाला ते कळतं, आणि कवितेचा सगळा आनंद या अंतरात आहे.

स्टीव्हन्सनचे वडील आणि आजोबा दीपगृहं बांधणारे अभियंते होते. प्रकाशाचं शास्त्र घरातच असताना कवी मुलाला एका शब्दानेही दुरुस्त करत नाही. हा संयम मला फार मोलाचा वाटतो. बालवाडीतल्या शिक्षकांनी तो जरूर उचलावा. व्याख्या सांगण्याआधी मुलांना एकदा पहाटे आणि एकदा भर दुपारी अंगणात न्यावं, आणि सूर्य कुठे होता ते त्यांनाच सांगू द्यावं.