फेडायचा राहिलेला नवस

मुळशीच्या जलाशयाकाठी बसून समुद्रावरचे पुस्तक वाचणे थोडे विसंगतच. तरीही गेल्या पावसाळ्यात आम्ही तेथे पु. ल. देशपांडे यांचे 'एका कोळियाने' (१९६५) पुन्हा वाचले. हेमिंग्वेच्या १९५२ सालच्या कादंबरिकेचा हा अनुवाद.

शीर्षकाविषयी आमची तक्रार आहे. 'कोळी' या शब्दावरील श्लेष मोहक खरा. परंतु शाळेतल्या कवितेतील कोळी पडत-झडत अखेर यशस्वी होतो. सांतियागोचे तसे नाही. ८४ दिवस रित्या हातांनी परतल्यावर त्याला स्वतःच्या होडीहून दोन फूट लांब मार्लिन गवसतो, आणि शार्क तो वाटेतच फस्त करतात. किनाऱ्याला लागतो तो सांगाडा. हेमिंग्वे स्वतः 'पिलार' या मोटारबोटीतून हौसेने मार्लिनच्या शिकारीस जाई. म्हाताऱ्याच्या हाती मात्र त्याने नुसती दोरी दिली.

आम्ही अडलो ते निराळ्याच जागी. आपण धार्मिक नाही असे बजावून म्हातारा दहा 'आमच्या बापा' व दहा 'नमो मरिया' कबूल करतो आणि मासा मिळाल्यास क्युबातील एल कोब्रेच्या मातेच्या यात्रेचा नवस बोलतो; आपल्याकडे वांद्र्याच्या मतमाउलीला बोलतात तसाच. मासा मिळतो. मिळून जातोही. मग नवस फेडावा की नाही? कथा याविषयी पुढे अवाक्षर काढीत नाही. मासा दोरीला लागला तेथेच देणे लागू झाले, असे आमच्यातील एका भगिनीचे ठाम मत. इतरांना ते निष्ठुर वाटले.

१९५४ साली मिळालेले नोबेल पदक हेमिंग्वेने एल कोब्रेच्या त्याच मातेला वाहिले.