बक्षीस, हक्क आणि मान : कामाच्या प्रेरणेची एक चिकित्सा



आजच्या विषयाची सुरुवात आम्ही आमच्या एका फजितीनं करणार आहोत. चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा एक जुना विद्यार्थी इथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये अधिकारी आहे. तो घरी आला, पाया पडला आणि म्हणाला, "सर, आमच्या कामगारांसाठी एक प्रेरणादायी व्याख्यान द्या. माणसं टिकत नाहीत, मन लावून काम करत नाहीत." आम्ही होकार दिला. गरजांची उतरंड सांगितली, गीतेतला कर्मयोग सांगितला, समर्थ रामदासांचा प्रयत्नवाद सांगितला. समर्थ म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे, त्यामुळे तिथं आमचा आवाज जरा चढलाही. तासभर बोललो. शेवटी "कुणाला काही विचारायचंय का?" असं विचारलं. मागच्या रांगेतला एक तरुण उभा राहिला. बिहारकडचा असावा. म्हणाला, "साहब, ये एक घंटा ड्यूटी में गिनेंगे क्या?"

(हशा)

तुम्ही हसलात, तेही हसले, आम्हीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते हसू मावळलं होतं. आम्ही नंतर त्या विद्यार्थ्याकडे चौकशी केली. तो तास धरला नव्हता. ती माणसं पाळी संपवून थांबली होती. आम्हाला मात्र त्या तासाचं मानधन पाकिटातून मिळालं होतं. म्हणजे बघा, प्रेरणेवर बोलणाऱ्याला पैसे आणि ती ऐकणाऱ्याला उपदेश. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेली, पण त्या मुलानं एका वाक्यात आमच्या व्याख्यानाची जी समीक्षा केली, तशी कुठल्या परीक्षकानं केली नव्हती. आज आम्ही तीच समीक्षा थोडी विस्तारानं करणार आहोत.

आधी सिद्धांताकडे वळू. व्यवस्थापनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात अब्राहम मास्लो भेटतो. १९४३ साली त्यानं मानवी प्रेरणेवर एक निबंध लिहिला. आधी अन्न-पाणी, मग सुरक्षितता, मग आपुलकी, मग प्रतिष्ठा आणि शेवटी आत्मविकास, असा त्यातला क्रम. पाठ्यपुस्तकातला तो प्रसिद्ध त्रिकोण त्या निबंधात नाही, तो नंतरच्यांनी काढला. दुसरा फ्रेडरिक हर्झबर्ग. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग भागात सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९५९ मध्ये पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की पगार, देखरेख, कामाच्या जागेची स्थिती या गोष्टी वाईट असतील तर माणूस नाराज होतो, पण त्या सुधारल्या म्हणून तो मनापासून कामाला लागतोच असं नाही. मनापासून काम होतं ते कामातलं यश, त्याची दखल, जबाबदारी आणि स्वतःची वाढ यांतून.

हर्झबर्गला आम्ही मोडीत काढणार नाही. १९६८ च्या एका लेखात त्यानं फार मार्मिक गोष्ट सांगितली आहे. कुत्र्याला लाथ मारली तर तो हलतो, बिस्किट दाखवलं तरी हलतो. दोन्ही वेळा प्रेरणा मालकाची असते, कुत्रा फक्त हालचाल करतो. बक्षिसाबद्दल याहून खरं बोललेलं आमच्या वाचनात क्वचितच आलं.

पण प्रश्न असा, की त्यानं विचारलं कुणाला? अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना. ज्यांचा पगार ठरलेला, वेळ ठरलेली, नोकरी बऱ्यापैकी पक्की. अशा माणसाला पगार ही पार्श्वभूमी वाटणारच. पायाखाली जमीन असलेला माणूस जमिनीची आठवण काढत नाही. आपल्याकडचे शिबिरवाले हे निष्कर्ष उचलतात आणि ज्याच्या पायाखाली जमीनच नाही त्याला सांगतात, "पैशामागं धावू नका, कामात आनंद शोधा." सिद्धांत चुकीच्या दारात नेऊन उभा केला की तो चुकीचाच ठरतो. आमचीही चूक हीच होती.

आता आपल्या जालन्याकडे या. "जालना सोने का पालना" असं आपण अभिमानानं म्हणतो. बियाणं आणि सळई ही शहराची ओळख. भंगार वितळवायचं, त्याच्या बिलेट ओतायच्या आणि त्या लाटून सळई काढायची. भट्टीसमोरची धग काय असते हे लांबून पाहणाऱ्याला कळत नाही. तिथल्या ज्या कामगारांशी आम्ही नंतर बोललो त्यांनी पाळी बारा तासांची सांगितली. बरेचसे ठेकेदाराकडचे. १९४८ च्या कारखाने कायद्यानं ठरवून दिलं होतं, आठवड्याला ४८ तास, त्यापुढच्या कामाला दुप्पट दर. हे ४८ तास आभाळातून पडलेले नाहीत. त्याआधी मर्यादा ५४ तासांची होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना आणलेल्या दुरुस्तीनं १९४६ मध्ये ती ४८ वर आली. आणि २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातल्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती घ्यायची अशी त्यात अट आहे. आमचा सवाल साधा आहे : ज्याला 'नाही' म्हटल्यावर उद्या गेटवर थांबवलं जाऊ शकतं, त्याच्या 'हो' ला संमती म्हणायचं का?

ताणाबद्दलही एक गैरसमज आहे. ताण हा साहेबांचा आजार, मजूर बिचारा सुखानं झोपतो, असं आपण सहज बोलतो. ब्रिटनमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास झाला, व्हाइटहॉल या नावानं तो ओळखला जातो. त्यात उलटंच दिसलं. हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण वरच्या साहेबांपेक्षा खालच्या श्रेणीत जास्त होतं. १९७९ मध्ये रॉबर्ट कारासेकनं त्याच अंगाची मांडणी केली : कामाची मागणी जास्त आणि कामावरचा स्वतःचा ताबा कमी, हे जिथं एकत्र येतं तिथं ताण सगळ्यात वाईट. साहेबाकडे काम पुष्कळ असतं, पण चहाला कधी उठायचं हे तो ठरवतो. भट्टीवरचा माणूस ते ठरवत नाही. त्याला प्राणायाम शिकवून हा ताण जायचा नाही. पाळीचे तास आणि पाळीतला त्याचा शब्द, या दोन जागी हात घालावा लागेल.

दुसरं चित्र ऊसतोडीचं. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून जोड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादम आधीच उचल देतो. व्यवस्थापनाच्या भाषेत उचल म्हणजे आगाऊ मोबदला, म्हणजे प्रोत्साहनच की! पण ही उचल फिटेपर्यंत माणूस बांधलेला राहतो. मजुरी टनावर. एक दिवस आजारपणानं पडून राहिलं तर त्याला 'खाडा' म्हणतात आणि खाड्याचे पैसे उलट अंगावर चढतात. बीड जिल्ह्यात ऊसतोड बाईंच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं, त्यामागं हा खाडाही एक कारण होता. पाळीच्या चार दिवसांत घरी बसणं परवडत नाही म्हणून अवयवच नको! बक्षीस आणि दंड यांच्या टोकाला काय उभं असतं ते इथं दिसतं. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, चांगलं झालं. पण उचल आणि खाडा यांची चौकट तीच आहे.

तिसरं चित्र आशाताईंचं. गावातल्या गरोदर बाईला दवाखान्यात नेणं, लसीकरणाला मुलं आणणं, घरोघर सर्वेक्षण करणं. २००५ पासूनच्या या योजनेत त्या कर्मचारी नाहीत, 'स्वयंसेविका' आहेत. प्रत्येक कामाला वेगळा मोबदला. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांना जागतिक पुरस्कार दिला. सगळ्यांनी अभिनंदन केलं. आणि २०२४ च्या सुरुवातीला याच बायका वाढीव मोबदल्याचा लेखी आदेश मिळावा म्हणून मुंबईत आझाद मैदानावर बसल्या होत्या. पुरस्कार न मागता मिळाला, मोबदल्यासाठी मात्र थंडीत रस्त्यावर झोपावं लागलं.

इथं एका शब्दाकडे लक्ष द्या : मानधन. अंगणवाडीताईंना जे मिळतं त्याला आपण वेतन म्हणत नाही, मानधन म्हणतो. का? वेतन म्हटलं की नोकर मानावं लागतं, आणि नोकर मानलं की रजा, निवृत्ती, उपदान सगळं मागं येतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की अंगणवाडी सेविकांना उपदानाचा कायदा लागू होतो. आम्हाला त्या तासाचं जे पाकीट मिळालं तेही मानधनच. पण आमच्या मागं निवृत्तिवेतन होतं, म्हणून आमच्या मानधनात मान होता. जिच्या मागं काही नाही तिला दिलेल्या मानधनात मान हा शब्द धन वाचवण्यासाठी वापरलेला असतो.

आमच्या मते या सगळ्या चर्चेत बक्षीस, हक्क आणि मान यांची सरमिसळ झाली आहे. बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असतं, हक्क कराराचा किंवा कायद्याचा असतो, आणि मान माणूस म्हणून मिळतो. दिवाळीचा बोनस घ्या. १९६५ च्या कायद्यानं पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस ठरवून दिला होता, म्हणजे बारा महिन्यांत एका महिन्याची कमाई. तो हक्क आहे. पण मिठाईच्या डब्याबरोबर, फोटो काढून, भाषण करून तो दिला जातो तेव्हा घेणारा वाकून घेतो. हक्काचं बक्षीस केलं की घेणाऱ्याची मान खाली जाते. कांटनं १७८५ मध्ये म्हटलं होतं की वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा. व्याख्यानात हे वाक्य आम्ही शेकडो वेळा उच्चारलं आहे. त्याचा अर्थ हजेरीपत्रकावर तपासायचा असतो, हे आम्हाला उशिरा कळलं.

आता कुणी म्हणेल, सर, तुमच्या प्राध्यापकांना तर हक्क, पगार, मान सगळं होतं. सगळे मन लावून शिकवत होते का? नाही. प्रामाणिकपणे सांगतो, नव्हते. पक्क्या पगारावर वर्ग न घेणारे सहकारी आम्ही पाहिले आहेत. म्हणजे हक्क पुरेसा नाही. हर्झबर्ग तिथं बरोबर आहे. मग त्यावर उपाय काय काढला? २०१० पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत गुणांची पद्धत आली. चर्चासत्राला इतके गुण, निबंधाला इतके. निवृत्तीआधी आम्ही स्वतः ते गुण मोजणाऱ्या समितीत बसलो आहोत. काय झालं? पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. ज्याला खरंच लिहायचं होतं तोही प्रमाणपत्रांची फाइल घेऊन फिरू लागला. आम्ही सह्या केल्या, हे कबूल करतो. एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये प्रयोगातून दाखवलं होतं की कोडी सोडवायला पैसे दिलेले विद्यार्थी, पैसे थांबल्यावर फावल्या वेळात त्या कोड्यांकडे कमी वळतात. आवडीच्या कामाला भाव लावला की आवड मरते. आमच्या डोळ्यांदेखत ती मेली.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. लहान मिलवाला म्हणतो, वीजबिल वाढलं, सळईचा भाव पडला, शेजारचा बारा तास चालवतो, मी आठ तासांची पाळी केली तर तिसऱ्या पाळीची माणसं कुठून आणू? ही अडचण खोटी नाही. पण म्हणूनच हा प्रश्न एकेका मालकाच्या दिलदारपणावर सोडता येत नाही. सगळ्यांना एकच कायदा आणि तो खरोखर तपासणारी यंत्रणा असेल तर चांगल्या मालकाला चांगलं वागण्याचा तोटा होत नाही.

शेवटचा मुद्दा गीतेचा. फळाची अपेक्षा सोडण्याचा उपदेश व्यवस्थापनाच्या शिबिरांत हमखास येतो. आम्हीही त्या दिवशी तो केला. पण निरपेक्षता हा स्वतःला लावायचा नियम आहे. मी माझ्या फळावरची आसक्ती सोडू शकतो. दुसऱ्याच्या फळावर बसून त्याला "तू सोड" असं सांगणं हा कर्मयोग नव्हे, ती पिळवणूक आहे. अर्जुनाला उपदेश करणारा त्याच रथावर घोडे हाकत बसला होता. आम्ही पंख्याखाली उभे होतो.

मग आम्हाला पुन्हा बोलावलं तर? एक तर आधी विचारू, तो तास हजेरीत धरणार का? दुसरं, भट्टीवर काय चुकतंय हे भट्टीवरच्या माणसाला शेवटचं कधी विचारलं? तिसरं, तुम्ही ज्याला बक्षीस म्हणता त्यातलं त्याच्या हक्काचं किती आहे? या तिन्हींची उत्तरं नीट मिळाली, तर आम्ही येऊ आणि आनंदानं बोलू. खरं तर तेव्हा बोलण्याची फारशी गरजही उरणार नाही. आम्ही मागच्या रांगेत बसून ऐकू.

त्या तरुणाचं नाव आम्ही विचारलं नव्हतं, ही खंत आहे. आजचं व्याख्यान त्याच्या प्रश्नाला दिलेलं उशिराचं उत्तर समजा.