दोन मुली, आकडा एकच

समजा, लाखांदूरकडच्या एका १२ वर्षांच्या मुलीच्या तीन दाढा किडल्या आहेत. भंडारा शहरातल्या तिच्याच वयाच्या मुलीच्या किडलेल्या तीन दाढा डॉक्टरांनी भरल्या आहेत. पाहणीत दोघींचा ‘डीएमएफटी’ तीनच येतो! १९३८ साली अमेरिकेत क्लाइन, पामर व नट्सन यांनी मांडलेला हा निर्देशांक किडलेले, किडीमुळे गेलेले आणि भरलेले दात एकत्र मोजतो. आजवर किती दात किडले ते त्यातून कळते. उपचार किती बाकी आहेत ते कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत तर तिशीनंतर कोणत्याही कारणाने गेलेला दात धरतात. खर्रा खाऊन हिरड्या खराब झालेल्यांचे पडलेले दातही मग किडीच्याच खात्यात. जिल्ह्याची सरासरी छापताना तिन्ही आकडे वेगळे द्यावेत, असे आम्हांला वाटते. दंतवैद्य आधी कोणत्या गावी पाठवायचा, हे त्यांतल्या पहिल्या आकड्यावरून ठरवता येईल.