सतरा वर्षांचे आयुष्य?

एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या आरोग्य-अहवालातील एक कोष्टक फार प्रसिद्ध आहे. त्यात मृत्यूसमयीचे सरासरी वय दिले आहे. मँचेस्टरमध्ये सुखवस्तू घरांत ३८ वर्षे, व्यापाऱ्यांत २०, मजुरांत १७. ग्रामीण रटलंडमध्ये मजुरांचेही ३८. आकडे धक्का देतात, आणि त्यासाठीच ते मांडलेले होते.

यावरून 'मँचेस्टरचा मजूर सतराव्या वर्षी मरे' असे वर्गात सांगितले जाते. (आम्हीही व्याख्यानांतून सांगितले आहे.) ते चूक आहे. त्याच अहवालानुसार तेथील मजुरांची शेकडा ५७ हून अधिक मुले पाच वर्षांच्या आतच दगावत. फळ्यावर हिशेब करून पाहा. ही ५७ मुले सरासरी दीड वर्ष जगली असे धरले, तर १७ ही सरासरी येण्यासाठी उरलेल्या ४३ जणांचे सरासरी वय साडेसदतीस असावे लागते. म्हणजे कोष्टकातला 'मजूर' बहुधा तान्हे मूलच होते! शिवाय वाढत्या शहरात मुलांचे प्रमाण अधिक असले की मृतांचे सरासरी वय आपोआप खाली येते. विमागणिती नीसन यांनी हा दोष १८४४ मध्येच दाखवला होता.

आमचा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. चॅडविक हे १८३४ च्या गरीब-कायद्याचे एक शिल्पकार आणि तो राबवणाऱ्या आयोगाचे सचिव. धडधाकट गरिबाला मदत हवी तर त्याने वर्कहाउसात यावे, आणि तेथील जिणे बाहेरच्या मजुराच्या जिण्याहून नकोसे असावे, हे त्या कायद्याचे सूत्र. अहवालात त्यांनी घाणीतून रोग व रोगातून दारिद्र्य अशी साखळी मांडली. एडिंबरोचे डॉ. विल्यम ॲलिसन १८४० मध्येच उलट सांगत होते: दारिद्र्यामुळे तापाच्या साथी फोफावतात, तेव्हा आधी पुरेशी मदत द्या. हे मान्य करायचे तर चॅडविकना स्वतःच्याच कायद्यावर बोट ठेवावे लागले असते.

पटकी व विषमज्वर यांच्या बाबतीत त्यांचा शुद्ध पाणी व गटारांचा आग्रह उपयोगी ठरला, जरी दुर्गंधीतून रोग होतो ही त्यांची उपपत्ती चुकीची होती. टायफसचे तसे नाही. तो उवांमुळे पसरतो, हे शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये दाखवले. ज्याला बदलायला दुसरा कपडा नाही, पाणी तापवायला कोळसा नाही, ज्याच्या अंथरुणात आणखी तिघे झोपतात, त्याच्या अंगावरच्या उवा गटार बांधून जात नाहीत. १८४७ मध्ये दुष्काळातून पळालेले उपाशी आयरिश लोक लँकेशायरच्या शहरांत आले, तेव्हा उसळला तो टायफसच.